साधा ब्रॅकेट

थ्रीडी मॉडेलला किती वेळ लागेल, हे मॉडेल करणारी सोडून बाकी सगळ्यांना आधीच ठाऊक असतं. मार्केटिंगवाल्याला तर ते गिऱ्हाइकाच्या केबिनमध्ये, समोरचा चहा संपायच्या आत समजतं. तिथूनच त्याचा फोन येतो, "मॅडम, साधा ब्रॅकेट आहे, उद्या संध्याकाळी देतो म्हणून सांगितलंय. होईल ना?" हा शेवटचा प्रश्न निव्वळ सौजन्य म्हणून.

भोसरीतल्या आमच्या छोट्या डिझाइन ऑफिसात तासांचा अंदाज काढायची रीत ठरलेली आहे. मी म्हणते सोळा. माझा आशावादी स्वभाव ओळखून सर त्याचे चोवीस करतात. मार्केटिंग म्हणतं, एवढे कोण देणार, बारा लिहा. गिऱ्हाईक म्हणतं, पैसे आठाचे देईन. कोटेशनमध्ये आठ जातात. पुढच्या कामाच्या वेळी हेच आठ 'मागचा अनुभव' म्हणून माझ्या टेबलावर येतात.

आमच्याकडे अधूनमधून एक निवृत्त ड्राफ्ट्समन काका येतात. त्यांच्या काळी हिशेब शीटवर चालायचा. ए-वनला इतके दिवस, ए-झीरोला इतके, विषय संपला. ट्रेसिंगवर शाईची रेघ चुकली की ब्लेडने अलगद खरवडायची. "गिऱ्हाईक बदल सांगायच्या आधी विचार करायचं," काका म्हणतात, "कारण आमच्या हातातलं ब्लेड त्याला दिसायचं." आता बदल म्हणजे एक क्लिक, अशी सार्वत्रिक समजूत आहे. 1963 साली एमआयटीत आयव्हन सदरलंडने 'स्केचपॅड' केलं, तेव्हापासून पडद्यावरची रेघ धरून हलवता येते हे खरंच. पण त्या रेघेला बांधलेलं बाकीचं सगळं तिच्यामागे ओढलं जातं, हेही तेव्हापासूनच आहे. मार्केटिंगपर्यंत ते अजून पोचायचंय.

"होल जरा पाच मिलिमीटर आत घ्या." घेतलं. ते रिबला लागलं. रिब सरकवली, तर तिच्या बुडाचे फिलेट, म्हणजे कोपऱ्यांच्या गोलाया, गेले, आणि एका आत्याला पत्रिका पोचली नाही की अख्खं घराणं रुसावं तशी डावीकडची फीचर ट्री वरपासून खालपर्यंत लाल झाली. मग एकेकाची समजूत काढत बसायचं. तीनचा फिलेट बसत नाही. का नाही, ते सॉफ्टवेअर सांगत नाही. भूमितीचं काहीतरी बिनसलंय, एवढंच कळवतं. अडीचचा बसतो. 2.9 चा बसतो. 2.99 चासुद्धा बसतो! तीन म्हटलं की नाही. दुपार त्यात जाते. शेवटी 2.99 वर तह होतो आणि चेकिंगवाले सर चष्मा कपाळावर चढवून विचारतात, "हे कुठलं माप? सोनाराकडून आणलंत का?"

गिऱ्हाइकाने स्टेप फाइल पाठवली की निम्मं काम झालं, असंही एक मत आहे. स्टेपमधून आकार येतो; तो कसा घडला, कुठलं माप कशावरून काढलं, हा इतिहास मागेच राहतो. होल दिसतं, पण ते तिथेच का, हे सांगणारा माणूस नोकरी सोडून गेलेला असतो.

टाइमशीटमध्ये रकाने चार: मॉडेलिंग, ड्राफ्टिंग, चेकिंग, इतर. वरचे तीन शोभेचे. सगळा संसार 'इतर'मध्ये. बोल्ट एम-8 की एम-10, ते मोठे साहेब सांगतील. मोठे साहेब नागपूरला. मोटर कुठल्या कंपनीची, ते परचेस ठरवेल. परचेस म्हणतं, आधी मॉडेल दाखवा. पूर्वी ड्रॉइंगवर अशा जागी 'टू सूट' लिहून सुटता यायचं, पुढचं फिटर बघून घ्यायचा. मॉडेलला 'टू सूट' चालत नाही, त्याला आकडाच लागतो. त्यामुळे साऱ्या कंपनीने न घेतलेले निर्णय माझ्या पडद्यावर येऊन अडतात, आणि उशीर डिझाइनच्या नावावर चढतो.

हा उशीर मोजायला मध्यंतरी एक ट्रॅकिंग सॉफ्टवेअर आणलं. माउस थोडा वेळ हलला नाही की ते 'आयडल' अशी नोंद करतं. विचार करणं हे आयडल. तेव्हापासून आमच्याकडे सगळे जण विचार करताना मॉडेल गरागरा फिरवत बसतात. लांबून पाहणाऱ्याला वाटेल, काय काम चाललंय! महिनाअखेरीच्या रिपोर्टात आमची उत्पादकता एवढी वाढली की सर स्वतःच घाबरले.

अंदाज चुकणं हा काही भोसरीचा स्थानिक आजार नाही. कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञांनी 1994 साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना प्रबंध कधी संपेल ते विचारलं होतं. सरासरी उत्तर सुमारे 34 दिवस. सगळं बिघडलं तर? सुमारे 49. प्रत्यक्षात लागले 55 च्या वर. म्हणजे माणसाने मुद्दाम वाईट चिंतलं तरी ते पुरेसं वाईट नसतं. सरांना हे वाचून दाखवलं. ते म्हणाले, "विद्यार्थी आहेत, त्यांना अनुभव नाही."

मग मी अनुभवी लोकांची गोष्ट काढली, तीही थेट गिऱ्हाइकासमोर. एअरबसचं ए-380. हॅम्बुर्गचे इंजिनिअर कॅटिया या डिझाइन सॉफ्टवेअरची चौथी आवृत्ती वापरत होते, तुलूजचे पाचवी. विमानात पाचशेहून अधिक किलोमीटर वायर. हॅम्बुर्गहून तयार होऊन आलेले वायरींचे जुडगे तुलूजला जोडायला घेतले, तर ते तोकडे! ठरलेलं वेळापत्रक कोसळलं, आणि पहिलं विमान ग्राहकाच्या हाती पडलं ते ऑक्टोबर 2007 मध्ये, सुमारे दीड वर्ष उशिरा. एवढी मोठी कंपनी, एवढे मोठे कॉम्प्युटर!

गिऱ्हाइकाने सगळं मन लावून ऐकलं. हळहळलेसुद्धा. मग कप खाली ठेवून म्हणाले, "पण मॅडम, आपल्या ब्रॅकेटला तर वायरिंगच नाही. मग वेळ कशाला लागतोय?"