बंपरची अब्रू

वसई-विरारमध्ये नवी गाडी आणली की पेढे वाटून होतात न होतात तोच पहिला चरा कोण मारणार याची चढाओढ सुरू होते. वसई रोड स्टेशनबाहेर शेअर रिक्षा वळता वळता तुमच्या मागच्या दाराला खेटते. आचोळ्याच्या रस्त्यावर दुचाकीचं हँडल तुमच्या आरशाला रामराम करून पुढे जातं. गिरीज-भुईगावच्या गल्लीत समोरून टेंपो आला की एका अंगाला वाडीचं कुंपण, दुसऱ्या अंगाला दगडी गडगा. अशा वेळी बाजू द्यायची म्हणजे दाराची साल द्यायची. यातूनही वाचलात तर 2024पासून वसई-भाईंदर रो-रो आहे. बोटीवरून खाडी बघायच्या घाईत दार उघडणाऱ्याला शेजारच्या गाडीचं भान कुठून राहणार?

दहा-बारा वर्षांत असे चरे-पोचे साठत जातात. एप्रिल 2019च्या आधीच्या गाड्यांना नवी सुरक्षित नंबरप्लेट सक्तीची झाली आणि मौज आणखी वाढली. बंपर घासून घासून पांढरा पडलेला आणि त्यावर चकचकीत ‘एमएच-48’. म्हाताऱ्याला नवी कवळी बसवावी तसं ते ध्यान दिसतं. मग सोसायटीचे सेक्रेटरी पार्किंगमध्ये गाठून म्हणतात, “अहो, करून टाका की एकदा.” साडू म्हणतात, “विकून टाका.” घरात लग्न निघालं की प्रश्न थेट खानदानाच्या इज्जतीवर जातो. जणू वरमाई आधी बंपर बघणार आणि मग सून.

आपल्या नजरेचीही गंमत आहे. 1739 साली मराठ्यांच्या सुरुंगांनी फुटलेल्या वसईच्या बुरुजापुढे आपण हौसेने सेल्फी काढतो. तिथवर नेणाऱ्या गाडीला बोटभर चरा दिसला की मात्र आपल्याला लाज वाटते.

लाज वाटली की माणूस गोखिवरे-सातिवलीकडे वळतो. डेंटिंग-पेंटिंगवाला गाडीभोवती एक फेरी मारतो, अंगठ्याने पोचा दाबतो, तोंडाने ‘च्चक्’ करतो आणि म्हणतो, “साहेब, एवढंच केलं तर शेड जुळणार नाही.” दुर्दैव असं की तो खरं बोलतोय. कंपनीच्या कोडप्रमाणे मिसळलेला रंग गाडी नवी असतानाचा असतो. तुमची गाडी बारा उन्हाळे उघड्यावर उभी राहून विटलेली असते. एक दार रंगवलं तर ते शेजारच्या फेंडरला उघडं पाडतं, फेंडर रंगवला तर बॉनेट रुसतं. एका दारासाठी गेलेला माणूस अख्खी डावी बाजू करून परत येतो. पॅनलमागे दोन-अडीच हजारांपासून पुढे धरा आणि मग गाडीची आजची किंमत आठवा. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच. शिवाय हायवेलगतच्या उघड्या शेडमध्ये ओल्या रंगावर धूळ बसते आणि पावसाळी दमट हवेत रंग पांढरट पडायची भीती असते, ती वेगळीच.

इथे कुणीतरी हमखास म्हणतं, “इन्शुरन्समध्ये टाका ना!” टाकूया. जुन्या गाडीला नुसता थर्ड पार्टी असेल तर स्वतःच्या बंपरसाठी छदामही मिळत नाही. फुल इन्शुरन्स असेल तर प्लास्टिकच्या भागाची 50 टक्के झीज तुमच्या माथी. दीड हजार सीसीपर्यंतच्या गाडीला वरचे हजार रुपये सक्तीने तुमचे. झीज न धरणारी पॉलिसी एवढ्या जुन्या गाडीला सहसा मिळत नाही. समजा बंपर चार हजारांचा आहे. दोन हजार झिजेत गेले, हजार खिशातून गेले, हाती आले हजार. तेवढ्यासाठी सर्व्हेअर, फोटो, फॉर्म आणि हेलपाटे. पाच वर्षं क्लेम न करता स्वतःच्या गाडीच्या विम्यावर मिळवलेली 50 टक्के सूट पुढच्या वर्षी शून्यावर येते, ती वेगळीच. सूट एकदा गेली की पुन्हा 20 टक्क्यांपासून चढायला लागायचं.

“विकताना भाव येईल” हे दुसरं गाजर. जुनी गाडी घेणारा नव्या रंगाला भुलत नाही, तो बिचकतो. “ठोकलेली आहे का हो?” हा त्याचा पहिला प्रश्न असतो. पक्का गिऱ्हाईक तर खिशातून लोहचुंबक काढून दारावर फिरवतो. पुट्टीचा थर जाड असला की चुंबक धरत नाही आणि तुमची झाकली मूठ उघडते. ओरखडा दिसत असेल तर तो भाव पाचशे-हजाराने पाडतो, तो लपवलेला सापडला तर तो उठून निघूनच जातो.

म्हणजे काहीच करायचं नाही? तसं नाही. आपला घोटाळा एवढाच की आपण लोकांना दिसतं ते दुरुस्त करतो. खाऱ्या हवेला दिसतं त्याकडे आपण ढुंकून बघत नाही.

गाडीच्या पत्र्यावरचा प्रायमर, रंग, क्लिअर कोट असे सगळे थर मिळून जाडी जेमतेम एक दशांश मिलीमीटर भरते. तेवढं कवच फुटलं की खाली उघडं पोलाद. एका बाजूला अर्णाळा-राजोडीचा समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी, मध्ये मिठागरं; हवेतला खार त्या पोलादावर जे करतो ते पुण्याच्या कोरड्या हवेत एवढ्या लवकर होत नाही. पण बंपर प्लास्टिकचा. त्याला जन्मात गंज लागणार नाही. तरीही आपला सगळा पैसा बंपरवर, कारण तो पुढे असतो आणि शेजाऱ्यांना दिसतो. दाराची खालची कड, चाकाच्या कमानीची आतली बाजू, डिकीचं रबर जिथे बसतं तो पत्रा, इथे फुगा धरतो आणि आतून खात जातो. जुलै 2018च्या पुरात वसई-नालासोपाऱ्यात पाण्यात उभ्या राहिलेल्या कितीतरी गाड्या नंतर बाहेरून चकाचक झाल्या. मॅटखालचा तळ किती जणांनी उचकटून बघितला? वरून कीर्तन, आतून तमाशा म्हणतात तो असा गाडीतही चालतो. गंज खरवडून न काढता वर पुट्टी मारली तर तो तमाशा आणखी रंगतो.

तेव्हा येत्या रविवारी गाडी धुवा आणि प्रत्येक चऱ्यावरून नख फिरवा. नख अडकलं नाही तर तो वरच्या थरातला चरा. रबिंग-पॉलिशने बराचसा जातो, नाही गेला तरी बिघडत नाही. नख अडकलं आणि आत पत्रा चमकतोय किंवा तपकिरी दिसतोय, तर तेवढीच जागा घासून घ्या, गंजरोधक प्रायमर द्या आणि वर टच-अपचा हात मारा. शेड जुळली नाही तरी चालेल, मेच्या आत झालं म्हणजे झालं. लोंबणारा बंपर, फुटलेला दिवा, धारदार निघालेली कड, नीट न लागणारं दार, हा मात्र शोभेचा विषय नाही. ते आजच्या आज करा.

बाकी चरे राहू द्या. त्यांच्यासाठी बाजूला काढलेल्या पैशांत दोन टायर आणि वायपर बसतात. जूनच्या पावसात हायवेवर ब्रेक दाबाल तेव्हा बंपरची अब्रू नाही, टायरची नक्षी कामाला येईल. आणि पंधरा वर्षं भरली की नोंदणीच्या नूतनीकरणाला एप्रिल 2022पासून पाच हजार रुपये फी आहे, तेवढे आतापासून बाजूला ठेवा.