नानांची सरहद्द

नानांच्या मते जगाला चार भिंती आहेत. उत्तरेला दहिसरचा टोलनाका, पश्चिमेला गोराईची खाडी, पूर्वेला कान्हेरीचा डोंगर आणि दक्षिणेला अंधेरी. अंधेरीच्या खाली थेट चर्चगेटपर्यंत वस्ती आहे हे त्यांना ठाऊक आहे, कारण नोकरीची सगळी वर्षं ते रोज तिथं जाऊन आले. पण ते पोटासाठी. हिंडण्यासाठी माणसाने या चौकटीबाहेर पाऊल टाकू नये, असं त्यांचं पक्कं मत. सोसायटीतलं कुणी महाबळेश्वरला निघालं की नाना त्याला जिन्यात गाठतात. "काय आहे हो तिथं? पॉइंट. आणि पॉइंटावर उभं राहून काय दिसतं? समोरचा पॉइंट."

त्यांचं राज्य लहान, पण त्यात उणं काही नाही. समुद्र हवा तर गोराई. काश्मीर हवं तर आरे दूध वसाहतीतलं छोटा काश्मीर. शिकारा नाही, पण पायाने मारायची होडी आहे, आणि होडीवाला काश्मिरी नसल्यामुळे भाव मराठीत करता येतो. गोवा हवा तर मंडपेश्वर. लेणं शिवाचं, आत नाचणारा शिव, आणि माथ्यावर पोर्तुगीजांच्या पडक्या मठाच्या भिंती. "एका फेरीत दोन धर्म," नाना म्हणतात, "आणि रिक्षा मीटरवर." यातलं शेवटचं विधान श्रद्धेचा भाग समजावं.

सहलीची सूचना शुक्रवारी फलकावर लागते, पाण्याची टाकी धुण्याच्या सूचनेशेजारी. "रविवारी कान्हेरी. निघणे ६.४०. सात वाजता निघू असे समजणाऱ्यांनी घरीच राहावे." खाली मजल्यांप्रमाणे वाटणी असते. तळमजला काकड्या, पहिला मजला थालीपिठं, दुसरा मजला भुईमुगाच्या उकडलेल्या शेंगा, तिसरा मजला मीठ आणि सुरी. तिसऱ्या मजल्यावर भाडेकरू राहतात, त्यांच्यावर यापेक्षा मोठी जबाबदारी नाना टाकत नाहीत. प्लास्टिक चालणार नाही. मोठा आवाज करणारं यंत्र चालणार नाही. आणि सोमवारी राष्ट्रीय उद्यान बंद असतं हे कुणी विसरायचं नाही. रविवारच्या सहलीशी सोमवारचा काय संबंध, हे विचारायची आमच्यापैकी कुणाची छाती झालेली नाही.

उद्यानाच्या फाटकातून लेण्यांपर्यंत गाडीने जाता येतं. नाना चालत नेतात. दोन्ही बाजूंना साग, बांबू, कारवी. कारवी दिसली की नाना थांबतात, म्हणजे सगळे थांबतात. हे झुडूप आठ वर्षांतून एकदा फुलतं, सगळं एकदम, डोंगरच्या डोंगर जांभळे होतात, आणि मग बी टाकून मरून जातं. २०१६ साली फुललं होतं, त्याआधी २००८ साली. नाना हे अशा काही आवाजात सांगतात की फुलण्याआधी त्यांची परवानगी घेतली गेली असावी. एका पोराने एकदा विचारलं, "मग मधली सात वर्षं ते काय करतं?" नाना म्हणाले, "नोकरी."

कान्हेरीत मात्र ते खुलतात. शंभराहून अधिक लेणी, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून पुढे जवळजवळ हजार वर्षं कोरली जात राहिलेली. बाकीचे लोक तिसऱ्या लेण्यातल्या चैत्यापुढे उभे राहून त्या दोन उंच बुद्धमूर्तींबरोबर फोटो काढतात आणि परत फिरतात. नाना मूर्तींना लांबून नमस्कार करतात आणि सरळ पाण्याच्या टाक्यांकडे जातात. जवळजवळ प्रत्येक लेण्याच्या दाराशी खडकात खोदलेलं टाकं आहे. पावसाचं पाणी डोंगरभर कोरलेल्या पन्हळींतून त्यात उतरतं आणि कित्येक टाक्यांत भर मे महिन्यातही टिकून असतं. नाना टाक्यात डोकावून बघतात, मग वळून सोसायटीच्या सेक्रेटरीकडे बघतात. बोलत काहीच नाहीत. सेक्रेटरी हल्ली कान्हेरीला येत नाहीत.

खरा प्रसंग नव्वदाव्या लेण्यात. वाटेत एखादं पोर भिंतीवर खिळ्याने नाव कोरताना दिसलं की नाना त्याचा कान धरतात, "राष्ट्राची संपत्ती आहे, तुझ्या बापाची फळी नाही" वगैरे ऐकवतात, आणि तिथून दहा पावलांवर आम्हांला मोठ्या कौतुकाने दाखवतात की इथं पारशी मंडळी आली होती, १००९ साली आणि पुन्हा १०२१ साली, आणि त्यांनी आपापली नावं पहलवी लिपीत भिंतीवर कोरून ठेवली आहेत. "बोरिवलीची पहिली पिकनिक!" नाना म्हणतात. "हजार वर्षं झाली! कुठून कुठून यायचे लोक!" कान चोळत मागे आलेलं ते पोर हे सगळं ऐकत असतं. ते काही म्हणत नाही, पण त्याच्या चेहऱ्यावर हिशेब दिसतो.

डबे उघडताना माकडं येतात. माकडांना घोळक्यातला नवखा माणूस अचूक कळतो, तिसऱ्या मजल्यावरचे भाडेकरू त्यांना नेहमी सापडतात. मीठ गेलं तरी सहल थांबत नाही.

पावसाळ्याच्या तोंडाशी नानांच्या राज्यात पीक येतं. पाड्यांवरच्या बायका स्टेशनबाहेर रानभाज्या घेऊन बसतात. शेवळं, कंटोळी, टाकळा. नाना शेवळांच्या जुड्या घेतात आणि भाव करत नाहीत, ही गोष्ट त्यांच्या बाजूने नोंदवलीच पाहिजे. मात्र शेवळांबरोबर काकडांची आंबट फळं घ्यावी लागतात, नाहीतर घसा खाजतो, हे त्या बाईने सांगितलेलं ते विसरून आले. "रानातली वस्तू आहे, तिला मसाला कशाला?" असं म्हणून त्यांनी स्वतः भाजी केली. पुढचे दोन दिवस नाना बोलत नव्हते. त्यांच्या पत्नी माईंनी ते दोन दिवस फार आनंदात घालवले.

नानांचा सख्खा पुतण्या इंग्लंडात असतो, ऑक्सफर्डशायरच्या एका खेड्यात. त्याने एका रविवारचे फोटो पाठवले. हिरवीगार गोल टेकडी, तिच्या उतारावर पांढऱ्या रेघांनी काढलेला शंभर मीटरहून लांब घोडा. अफिंग्टनचा हा घोडा जवळजवळ तीन हजार वर्षांचा, खाली लिहिलं होतं. तिकडचा डोंगरच खडूचा. वरचं गवत काढलं की आत पांढरा. रेघा मळू नयेत म्हणून दरवर्षी गावकरी जमतात, खडू कुटून भरतात, मग टेकडीवर बसून थर्मासमधला चहा पितात आणि सँडविच खातात. पुतण्या बायकामुलांसह हातोडी घेऊन गेला होता.

नानांनी फोटो मोठा करून पाहिला. मग व्हिडिओ कॉल लावला.

"खडूचा डोंगर? पावसात राहतो?"

"राहतो की काका. पाणी आत झिरपून जातं."

"म्हणजे डोंगरावर पाणीच थांबत नाही?"

"फारसं नाही."

"मग एखादं टाकं खोदायचं तर?"

पुतण्या गप्प. तिकडे रविवार होता, त्याला भांडण नको होतं.

त्यानंतर आठवडाभर नानांनी खडूचा अभ्यास केला. समुद्रातल्या सूक्ष्म शेवाळांची कवचं तळाशी साचत गेली, कोट्यवधी वर्षं साचली, त्याचा झाला खडू. तो काळ सरत आला आणि सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपल्याकडे लाव्हा उसळला, त्याचा झाला सह्याद्री आणि त्यातलाच आपला काळा दगड. एवढं वाचल्यावर नानांनी निष्कर्ष काढायला वेळ लावला नाही. "आपल्याकडे लाव्हा वाहिला म्हणून त्यांचा खडू बंद पडला." भूशास्त्रज्ञ याला मान डोलावतील असं नाही. पण त्यांना विचारतं कोण? ते काही आमच्या सोसायटीत राहत नाहीत.

पुरावा म्हणून पुढची सहल गिल्बर्ट हिलला. अंधेरी पश्चिमेला इमारती आणि झोपड्यांच्या दाटीत उभा राहिलेला साठ-एक मीटर उंच काळा खडक, उभ्या खांबांची मोळी बांधावी तसा. अमेरिकेत वायोमिंगला असाच एक आहे, डेव्हिल्स टॉवर, त्याला १९०६ सालापासून राष्ट्रीय स्मारकाचा मान. आपल्याला वळसा घालून, दोन गॅरेजं आणि एक पिठाची गिरणी ओलांडून विचारत जावं लागतं. वर गावदेवीचं देऊळ. नाना अर्ध्या पायऱ्यांवर बसले, दम खाल्ला, खडकावर हात थोपटला आणि म्हणाले, "याला कुणी दरवर्षी कुटायला लागतं का?" मग फोटो काढून इंग्लंडला पाठवला. तिकडून लगेच अंगठा आला. नानांना तो पुरेसा वाटला नाही, पण त्यांनी तो शरणागतीचा मानला.

नानांचा खरा वैरी इंग्लंडात नाहीच. तो मुलुंडला आहे. माईंच्या बहिणीचे यजमान, म्हणजे नानांचे साडू, भाऊसाहेब. तेही निवृत्त, तेही सहली काढणारे, आणि डोंगराच्या पूर्वेकडून बघत असल्यामुळे राष्ट्रीय उद्यान मुळात मुलुंडचं आहे असं मानणारे. तुळशी आणि विहार तलावांवरून दोघांचं एका लग्नाच्या पंगतीत वाजलं होतं, जिलबी वाढणारा मधल्यामध्ये अडकला होता. पण देवाची कृपा अशी की बोरिवलीहून मुलुंडला जायचं तर दादरला उतरून गाडी बदला, नाहीतर घोडबंदरचा वळसा घ्या. त्यामुळे भेट वर्षातून एखादीच, आणि नात्यात गोडवा.

आता गोरेगाव–मुलुंड जोडरस्ता होतो आहे. बारा किलोमीटरचा, त्यातले पावणेपाच किलोमीटर उद्यानाच्या खालून जुळ्या बोगद्यांतून. सव्वा तासाचं अंतर पंचवीस मिनिटांवर येणार म्हणतात. सोसायटीत बाकी सगळे खूश. नाना मात्र त्या दिवसापासून वन्यजीवप्रेमी झाले. बोगद्याच्या हादऱ्याने बिबट्यांची झोपमोड होईल, असं निवेदन त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि घरोघर सह्यांसाठी फिरवलं. माईंनी सही केली नाही. "झोपमोड बिबट्यांची की तुमची?" एवढंच विचारलं.

परवा भाऊसाहेबांचा फोन आला. रस्ता सुरू झाला की पहिल्याच फेरीला मुलुंडची सगळी मंडळी घेऊन कान्हेरीला येतो म्हणाले, तीस-पस्तीस माणसं, लेण्यांची माहिती मीच देईन, तुम्ही फक्त जेवणाचं बघा.

"अवश्य या, भाऊसाहेब," नाना म्हणाले. "सोमवारी या."