मी शपथ घेतो की फळा पुसेन

जुलै उजाडला, शेतातली लावणी-पेरणी उरकत आली की महाराष्ट्रात गावोगाव सरकारं स्थापन होतात. कुणी फुटत नाही, कुणाला रिसॉर्टात न्यावं लागत नाही, राज्यपालांची झोपमोड होत नाही. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी अंथरतात, गुरुजींच्या मोबाईलवर मतदान यंत्राचं अ‍ॅप उघडतं, बटण दाबलं की टुंईऽऽ असा आवाज येतो आणि मार्करची शाई बोटाला लागते. ती चड्डीला, सदऱ्याला आणि शेजारच्याच्या गालालाही लागते. बोगस मतदानाचा संशय घ्यायचाच तर अख्ख्या दुसरीवर घ्यावा लागेल. संध्याकाळच्या आत शालेय मंत्रिमंडळाचा शपथविधी आणि दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या पानावर बातमी : चिमुकल्यांनी अनुभवली लोकशाही.

मध्यंतरी ती अनुभवायची सोय तिथेच उरली होती म्हणा. राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत 2022 च्या मार्चमध्ये संपली आणि तिथे प्रशासक येऊन बसले, ते तीन वर्षं उलटली तरी उठेनात. त्या जूनमध्ये पहिलीत बसलेलं पोर 2025 च्या जूनमध्ये चौथीत गेलं. तेवढ्यात त्याने तीन वेळा मतदान केलं आणि एकदा स्वतः निवडून आलं. ज्या जिल्हा परिषदेची ती शाळा, तिच्यासाठी त्याच्या बापाला तेवढ्या काळात एकदाही बोट काळं करता आलं नाही. कुणी सांगावं, घरी बाप पोराला विचारत असेल, "कसं असतं रे मतदान?"

अशाच एका मंत्रिमंडळाची हकीकत सांगतो. गावाचं नाव सांगत नाही, सरकार अजून सत्तेवर आहे.

शाळेचा पट तेवीस. मुख्यमंत्रिपदाला तीन उमेदवार, चिन्हं छत्री, पाटी आणि बॅट. छत्रीवाली चौथीतली मुलगी निवडून आली. बॅटवाला पडला आणि भोकाड पसरून रडायला लागला. गुरुजींनी त्याला जवळ घेतलं, नाक पुसलं आणि जागच्या जागी उपमुख्यमंत्री करून टाकलं. रडणं थांबलं. आता आपल्या राज्यघटनेत उपमुख्यमंत्री नावाचं पद कुठेही नाही. पण ते का निघालं असावं याचा उलगडा मला त्या व्हरांड्यात झाला. मग पाटीवाल्यानेही ओठ काढला. त्यालाही उपमुख्यमंत्री केलं. राज्यशास्त्राची जाडजूड पुस्तकं वाचून जे कळलं नव्हतं ते दोन रडक्या पोरांनी शिकवलं.

2003 साली घटनेत 91 वी दुरुस्ती झाली आणि मंत्र्यांची संख्या विधानसभेच्या पंधरा टक्क्यांवर जाऊ नये असं ठरलं. 288 जणांच्या आपल्या सभागृहात मुख्यमंत्री धरून 43. या हिशेबाने तेवीसच्या पटाला साडेतीन मंत्रीही भरत नाहीत. परंतु त्याच दुरुस्तीत लहान राज्यांसाठी किमान बाराची सवलत ठेवलेली आहे आणि गोवा चाळीस आमदारांत बारा मंत्री बसवतो तो तिच्याच आधाराने. आमच्या शाळेने गोव्याचा आदर्श घेतला. तिसरी-चौथी मिळून बारा मुलं, बाराही मंत्री. पहिली-दुसरीतली अकरा ती प्रजा. विरोधी पक्ष नाही. पहिलीतला एकजण अधूनमधून सभात्याग करतो, पण तो घरी आईकडे जातो.

खातेवाटपाचा कागद ऑफिसच्या भिंतीला डकवलेला आहे. मी तो मंत्र्यांची यादी म्हणून वाचायला घेतला आणि तिसऱ्या ओळीला लक्षात आलं, ही रिक्त पदांची यादी आहे.

शाळेला शिपाई नाही, म्हणून स्वच्छतामंत्री. पाण्याची टाकी भरायला माणूस नाही, म्हणून पाणीमंत्री. मोटर लावणं, टाकी वाहायला लागली की ओरडणं आणि वीज नसेल त्या दिवशी हापशाला लोंबकळणं हा त्याचा कार्यभार. ग्रंथपाल नाही, म्हणून ग्रंथालयमंत्री. लोखंडी कपाटाची किल्ली तिच्या गळ्यात असते आणि पुस्तकं फाटतात म्हणून ती कपाट उघडत नाही. लिपिक नाही, म्हणून उपस्थितिमंत्री. तंत्रज्ञानमंत्री नावाचं एक खातं नवीन निघालंय. गुरुजींच्या मोबाईलचा हॉटस्पॉट टीव्हीला जोडणे, न जोडला गेल्यास बंद करून चालू करणे, एवढं त्याला येतं. तालुक्याच्या इंजिनिअरलाही तेवढंच येतं.

पोषण आहार मंत्र्याचं विशेष कौतुक वाटलं. प्राथमिकला माणशी 100 ग्रॅम धान्य, म्हणजे तेवीस ताटांना दोन किलो तीनशे. तिघं गैरहजर, तर दोन किलो. हा हिशेब तो मावशींना चुलीपाशी उभ्या उभ्या सांगतो. हेच उदाहरण गणिताच्या पेपरात आलं तेव्हा चुकला. "पेपरात खिचडीचा वास येत नाही ना, सर," असं त्याचं म्हणणं. खिचडी वाढण्याआधी मोठ्यांनी चाखून चव नोंदवहीत शेरा लिहायचा असतो. मोठे कामात असले की मंत्रिमहोदय चाखतात. त्यांचा शेरा रोज एकच : "मीठ बरोबर. अजून पाहिजे."

मोठे नेहमीच कामात असतात. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, असं शिक्षण हक्क कायदा सांगतो. इथे कागदावर दोघे आहेतच. त्यातले एक मतदार यादीच्या कामाला, दुसरे यू-डायसवर शाळेची माहिती भरायला. त्याच कायद्याचं 27 वं कलम म्हणतं की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना अशैक्षणिक काम लावू नये. कलम फार चांगलं आहे. अडचण एवढीच की 'तात्काळ' असं लिहून आलेली व्हॉट्सअ‍ॅपवरची प्रत्येक लिंक कुठल्या ना कुठल्या आपत्तीत मोडते. गुरुजी लिंक भरत असताना मुख्यमंत्री पाढे घेते, परिपाठमंत्री सुविचार सांगतो, शिस्तमंत्री पट्टी आपटतो. शाळा चालते. केंद्रप्रमुख येतात, बघतात आणि शेरेबुकात लिहितात : नेतृत्वगुणांचा उत्तम विकास. एक शिक्षक कमी पडला की नेतृत्वगुण वाढतात, दोन कमी पडले की फार वाढतात. शून्यशिक्षकी शाळा काढली तर थेट पंतप्रधान बाहेर पडतील.

ही युक्ती आजची नाही. मद्रासला, एग्मोरच्या लष्करी अनाथाश्रमात अँड्र्यू बेल नावाचा स्कॉटिश पाद्री मुलांची शाळा बघायचा. एकदा त्याने गावठी शाळेतली पोरं वाळूत बोटाने अक्षरं गिरवताना पाहिली. आपल्याकडच्या पंतोजींच्या धूळपाटीची ती बहीणच. ही पद्धत आपल्या शाळेत आणावी म्हटलं तर पगारी मास्तर ऐकेनात. मग त्याने जॉन फ्रिस्केन नावाच्या आठ वर्षांच्या मुलाला अक्षरओळखीच्या वर्गावर नेमलं. आजच्या हिशेबाने तिसरीतला! बेलने 1797 मध्ये लंडनला याचा अहवाल छापला आणि पुढच्याच वर्षी तिकडे जोसेफ लँकेस्टरने अशाच धर्तीवर शाळा काढली. एका मास्तराच्या हाताखाली हजार मुलं शिकतील, असा त्याचा दावा होता; बाकी काम मॉनिटर करणार. मॉनिटरांना पगार नाही, बिल्ले. आणि ऐकत नसलेल्या पोराला पिंजऱ्यात घालून छताला टांगायचीही त्याच्याकडे सोय होती. मूळ शोध कुणाचा यावर दोघांच्या भक्तांत पुढे चांगलीच जुंपली. फ्रिस्केनला मात्र कुणी विचारलं नाही.

तेव्हा बिल्ला हे पगाराच्या जागी द्यायचं नाणं आहे, आणि दोनशे वर्षांत त्याचा भाव उतरलेला नाही. पोरांनी फळा पुसावा, अंगण झाडावं, लहानग्यांना ताटं मांडून द्यावीत, यात वावगं काय? ती कामं मुलं आनंदाने करतात. नुसतं "चल रे, जरा हात लाव" म्हटलं तरी करतात. शपथविधी लागतो तो आपल्याला, फोटोत गुलाल दिसावा म्हणून. आणि गुलाल अंगावर पडला की मूल बदलतं. शिस्तमंत्र्याचंच बघा. निवडून येण्याआधी गरीब पोरगा. आता बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहितो आणि पुन्हा बोललात तर पुढे फुली मारतो. फुली खोडायचा दर अर्धी चिंचगोळी. सबंध नाव पुसायचं तर खोडरबर, तेही वासाचं. मधल्या सुट्टीत त्याच्या खिशात तीन वासाची खोडरबरं सापडली. चौकशी समिती बसली. अध्यक्ष, दोन्ही उपमुख्यमंत्री. त्यांच्या खिशात प्रत्येकी एक.

शहरात, इंग्रजी माध्यमाच्या शाळांत, प्रकार उलटा. तिथे सगळ्या जागा भरलेल्या असतात. झाडायला मावशी, बसमध्ये चढवायला मावशी, डब्याचं झाकण उघडायलाही मावशी. त्यामुळे पदं तयार करावी लागतात. हेड बॉय, हेड गर्ल, त्यांचे व्हाइस, चार हाऊसचे चार कॅप्टन, आणि दुसरीच्या वर्गात 'लाईन लीडर', म्हणजे रांगेत पहिला उभा राहणारा. इन्व्हेस्टिचर सेरेमनीला बॅंड वाजतो, निवृत्त कर्नलसाहेब सॅश घालतात, आणि साडेआठ वर्षांचा हेड बॉय माईकवरून आपलं व्हिजन वाचून दाखवतो. वाचताना तो 'स्टेकहोल्डर्स'ला अडखळतो. पहिल्या रांगेत त्याच्या वडिलांचे ओठ हलत असतात, त्यावरून मजकूर कुणाचा ते कळतं. मग पालकांच्या ग्रुपवर दोनशे टाळ्या. संध्याकाळी सोसायटीच्या गेटपासून तिसऱ्या मजल्यापर्यंत हेड बॉयचं दप्तर आजोबा वाहून नेतात. गुडघे दुखतात, पण नातू लीडर आहे!

ज्यांच्याकडे खरोखरची खाती आहेत त्यांचं नाव कुठल्याच यादीत नसतं. दिवाळी झाली की बीडकडची कुटुंबं ऊसतोडीला निघतात. मागे आजीपाशी राहिलेली नऊ-दहा वर्षांची पोर सकाळी भाकऱ्या थापते, धाकट्याला कडेवर घेऊन शाळेत येते, त्याला खिचडी भरवते आणि उरलेल्या वेळात भागाकार करते. तिच्या गृह, अर्थ आणि महिला-बालकल्याण खात्यांना शपथ लागलेली नाही. त्या शाळेच्या निवडणुकीत ती उभी राहिली नाही का, असं मी तिथल्या गुरुजींना विचारलं. "म्हटलं होतं मी तिला," ते म्हणाले. "ती म्हणाली, सर, मला वेळ नाही."

असो. मंत्रिमंडळाची खरी कसोटी 5 सप्टेंबरला लागते. डॉ. राधाकृष्णन यांच्या जयंतीला शिक्षक दिन, त्या दिवशी शाळा मुलांच्या ताब्यात. मुली आईच्या साड्या पिनांनी खोचून येतात, एखाद्याला बापाची पॅन्ट दोरीने बांधलेली असते, आणि गुरुजी मागच्या बाकावर विद्यार्थी होऊन बसतात. यंदा मुख्याध्यापक झाला तो आपला बॅटवाला उपमुख्यमंत्री. डोळ्यावर आजोबांचा चष्मा, खिशाला दोन पेनं. वर्गात आला, मुलं उभी राहिली, "नमस्ते सर" झालं. गुरुजी मागून कौतुकाने बघत होते, आता हा काय शिकवतो म्हणून.

त्याने खुर्ची ओढली, बसला, खिशातून पुठ्ठ्याचा मोबाईल काढला आणि अंगठ्याने भराभरा वरखाली करायला लागला. पाच मिनिटं झाली. पहिलीतल्या एकीने विचारलं, "सर, काय करू?"

त्याने मान वर न करता सांगितलं, "पाढे म्हणा. आणि मुख्यमंत्री, जरा रांगेत बसवून फोटो काढ गं सगळ्यांचा. वरून मागितलाय."