भाऊजी आणि सागरी मार्ग

भाऊजींच्या वेळापत्रकात आरे-वारेला बारा मिनिटं आहेत. त्यातली चार फोटोंना, तीन पाय ओले करायला आणि पाच वाळू झटकायला. समुद्राकडे नुसतं बघत बसायला वेगळा वेळ दिलेला नाही. ते काम पाय ओले करता करता उरकतं, असं भाऊजींचं म्हणणं.

आरे-वारे ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांना यातला अन्याय कळणार नाही. गणपतीपुळ्याहून रत्नागिरीला यायचे दोन रस्ते. एक निवळी फाट्याने, म्हणजे मुंबई-गोवा महामार्गाला लागून. तो लांबचा, आणि त्याच्यावर समुद्राचं नखही दिसत नाही. दुसरा भंडारपुळे, नेवरे करत कडेकडेने येणारा, जेमतेम पंचवीस किलोमीटरचा. हा दुसरा रस्ता सड्यावरून उतरायला लागला की एका वळणावर डोंगर बाजूला होतो आणि खाली अख्खी पुळण, सुरूचं बन, खाडीवरचा पूल आणि त्यापलीकडे जे काही आहे ते सगळं एकदम अंगावर येतं. त्या वळणावर आजवर एकही चालक ब्रेक न लावता गेलेला नाही. भाऊजी जातात. त्यांचा ब्रेक पुढे, जिथे दुपारी तीननंतर झाडाची सावली पडते तिथे, लागायचा ठरलेला असतो.

भाऊजी बँकेतून निवृत्त झाले तेव्हा ताळेबंदाची सवय कुठेतरी जिरायला हवी होती. पूर्वी अशी माणसं लग्नाच्या याद्या करायची, कार्यालयात पंगतींचा हिशोब ठेवायची, कुठली गाडी कुठल्या स्टेशनात किती मिनिटं थांबते हे न विचारता सांगायची. आता कार्यालयवाले सगळंच कंत्राटाने करतात आणि गाडीची वेळ फोन सांगतो. बेकार झालेल्या या सगळ्या गुणवत्तेला गेल्या काही वर्षांत एकच क्षेत्र मोकळं मिळालं, ते म्हणजे स्वतःची गाडी घेऊन कोकण. प्रत्येक घरात असा एक भाऊजी निघाला आहे. तुमच्या घरात तो नसेल तर एकदा आरशात बघून घ्या.

आमच्या भाऊजींची मोहीम अशी : पुण्याहून निघायचं, ताम्हिणी उतरायचा, हरिहरेश्वरला समुद्र गाठायचा आणि तिथून तो उजव्या हाताला धरायचा, तो थेट मालवणपर्यंत सोडायचा नाही. शेवटी भर पाण्यात उभा असलेला सिंधुदुर्ग. कल्पना सुंदर आहे, मीही ती सुंदरच म्हणतो. फक्त तिच्यात एक बारीक गोष्ट आहे. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. दक्षिणेकडे जाताना समुद्रही उजवीकडे. म्हणजे बागमांडल्यापासून मालवणपर्यंत अख्खा अरबी समुद्र भाऊजींच्या खिडकीत, आणि ताईच्या खिडकीत डोंगर, दरडी, कलमांचे गडगे आणि अधूनमधून एसटीचा थांबा. परतीला समुद्र डावीकडे आला असता. पण परतीचा रस्ता, वेळ वाचावा म्हणून, गगनबावडा घाटाने आहे. ताईने हे लग्नानंतर इतक्या वर्षांनी शांतपणे घेतलेलं आहे. ती म्हणते, ‘‘मला कोकणातली सगळी शेतं ओळखतात.’’

मोहिमेची तयारी गणपती विसर्जनानंतर सुरू होते आणि गाडी डिसेंबरात हलते. मधले दिवस तक्त्याचे. या तक्त्यात गाव, अंतर, पोचण्याची वेळ, निघण्याची वेळ, पेट्रोल, स्वच्छतागृह आणि ‘जर-तर’ असे रकाने आहेत. ‘जर-तर’मध्ये भाऊजींची प्रतिभा खुलते. ‘जर हेदवीला गर्दी, तर दशभुजा गणेशाचं दर्शन बाहेरून, बामणघळ रद्द.’ ‘जर मालगुंडला वेळ उरला, तर केशवसुत स्मारक.’ मराठी कवितेला नवं वळण देणारा कवी १८६६ साली जिथे जन्मला ते घर या तक्त्यात वेळ उरण्यावर अवलंबून आहे. आणि या सगळ्याच्या शेवटी एक रकाना ‘राखीव’ नावाचा : रोज पंचेचाळीस मिनिटं. ही मिनिटं खर्च करायची नसतात. रात्री मुक्कामाला पोचल्यावर भाऊजी ती शिल्लक सर्वांना जाहीर करतात आणि मग जेवायला बसतात.

रत्नागिरीत राहत असल्यामुळे मी या मोहिमेचा ‘स्थानिक सूत्र’ आहे. रविवारी सकाळी फोन येतो. ‘‘अरे, पावस ते पूर्णगड रस्ता कसा आहे?’’ मी सांगतो, बरा आहे. मग ते हाच प्रश्न पावसच्या त्यांच्या जुन्या सहकाऱ्याला आणि आडिवऱ्याच्या एका दुकानदाराला विचारतात आणि तिघांच्या उत्तरांची सरासरी काढतात. ‘बरा’, ‘ठीक’ आणि ‘या हो तुम्ही’ यांची सरासरी ताशी चौतीस किलोमीटर येते, हे मला त्यांच्याकडूनच कळलं.

सगळ्यात मोठी पूर्वतयारी मात्र खाड्यांची. कोकणातल्या नद्यांना समुद्राला मिळायची अशी हौस की जाताना त्या रस्ता मोडून जातात. सावित्रीच्या खाडीवर बागमांडला ते वेसवी, वाशिष्ठीच्या खाडीवर दाभोळ ते धोपावे, शास्त्रीच्या खाडीवर तवसाळ ते जयगड, अशा तीन ठिकाणी गाडी जंगलजेट्टीत चढवायची आणि पलीकडे उतरवायची. भाऊजींचं सगळं गणित इथे दुसऱ्याच्या हातात जातं. पलीकडून बोट आली की आपण चढायचं, मध्ये एखादा टेम्पो आणि वऱ्हाडाची बस असेल तर पुढच्या खेपेला. धोपाव्याकडे जाणारी बोट पाण्यात दिसेनाशी होईपर्यंत भाऊजी धक्क्यावर हात मागे बांधून उभे असतात. ताई सांगते की हे दृश्य तिच्या बाजूने नीट दिसतं.

या खाड्यांवर पूल का नाहीत, हा प्रश्न भाऊजी दरवर्षी विचारतात. बॅरिस्टर अंतुले १९८० साली मुख्यमंत्री झाले. रेवसपासून रेडीपर्यंत किनाऱ्याने जाणाऱ्या सागरी महामार्गाचं नाव कोकण तेव्हापासून ऐकतंय. बाणकोटच्या खाडीत अर्धवट पुलाचे खांब किती वर्षं भरती-ओहोटी मोजत उभे होते ते त्या बाजूच्या लोकांना विचारा. आता खाड्यांवरच्या मोठ्या पुलांची कामं पुन्हा हातात घेतली आहेत. भाऊजींना शासनाचा या बाबतीत राग आहे. मला उलट वाटतं. नकाशा, टप्पे, अंदाजित वेळ, राखीव तरतूद आणि भरपूर ‘जर-तर’! दोघांचं गोत्र एकच असावं, इतकी ही कामाची पद्धत मिळतीजुळती आहे. फरक एवढाच, की भाऊजी डिसेंबरात खरोखर निघतात.

तर, आरे-वारे. तक्त्यानुसार दुपारी तीन दहा. मी रत्नागिरीहून एसटीने येऊन सावलीच्या झाडाखाली हजर असतो, कारण तिथून मला गाडीत घ्यायचं असतं (मागे, डावीकडे). गाडी तीन बाराला आली. दोन मिनिटं कुठे गेली याची चर्चा उतरण्याआधीच झाली; नेवऱ्याला म्हैस आडवी आली होती.

मग चार मिनिटं फोटो. भाऊजी फोटो समुद्राचा काढत नाहीत, समुद्रासमोर गाडीचा काढतात. नंतर पाय ओले. इथे मात्र मी त्यांचा पक्का समर्थक आहे. आरे-वारेच्या पाण्याला ओढ आहे. वरून निळंशार, शांत दिसतं आणि आतून पायाखालची वाळू काढून नेतं. माणसं इथे बुडालेली आहेत, आणि तरीही सुट्टीच्या दिवशी कुणी ना कुणी कमरेइतक्या पाण्यात उभं राहून हात हलवत असतंच. भाऊजींनी घोट्याची हद्द घालून दिली आहे आणि ती ओलांडली तर त्यांचा आवाज पुलापलीकडे जातो. बाकी त्यांच्या तक्त्यातलं काहीही फाडून टाका, हे कलम ठेवा.

त्या दिवशी खाडीच्या तोंडाशी एक म्हातारे गृहस्थ पाग घेऊन उभे होते. भाऊजींनी फोन काढून त्यांना भरतीची वेळ सांगितली. आजोबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘‘आज पंचमी ना? मग पावणेचारला पुरी भरती.’’

फोनचं उत्तर त्याच्या आसपासच होतं. भाऊजींचा चेहरा बघण्यासारखा झाला. हे कसं काढलं, त्यांनी विचारलं. त्यात काढायचं काय, आजोबा म्हणाले, तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. अमावास्या-पुनवेला बाराच्या सुमाराला भरती असते आणि ती रोज पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते. किनाऱ्यावरची पोरं पाढे शिकायच्या आधी हे शिकतात. कागद नाही, पेन्सिल नाही, रेंजचीही गरज नाही. उभ्या कोकणात आपणच एकटे नियोजन करतो, बाकीचे नारळ पडेल तसं जगतात, अशी भाऊजींची समजूत होती. ती त्या क्षणी हलली असं म्हणायला मला आवडेल. पण ते खाली बसले, मांडीवर तक्ता घेतला आणि त्यात ‘तिथी’ नावाचा नवा रकाना घातला. यात नऊ मिनिटं गेली. आजोबांनी तोवर पाग टाकून ओढलासुद्धा होता. आत काय मिळालं हे भाऊजींनी पाहिलं नाही.

ताई तेवढ्यात डावीकडच्या दारातून उतरली होती. गाडीला वळसा घातला, रस्त्याकडेच्या कठड्यावर समुद्राकडे तोंड करून बसली आणि पर्समधून शेंगदाण्याचा लाडू काढला. दिवसभरात तिच्या वाट्याला आलेला पहिला पश्चिम किनारा. मी तिच्या शेजारी बसलो. आम्ही काही बोललो नाही. लहानपणी एका खोलीत वाढलेल्या माणसांना बोलायची घाई नसते.

‘‘चला, बारा झाली,’’ भाऊजी म्हणाले.

‘‘तुमची झाली,’’ ताई म्हणाली. ‘‘माझी आत्ता सुरू झाली.’’

मुद्दा नियमात बसणारा होता. भाऊजींनी त्यावर विचार केला, घड्याळ पाहिलं, आणि राखीव मिनिटांतून वीस मिनिटं खर्ची टाकली. मोहिमांच्या इतिहासात असं प्रथमच घडत होतं. नंतर मी गुपचूप तक्ता पाहिला. नोंद होती : ‘आरे-वारे, विलंब २० मि. कारण : कौटुंबिक.’

पुढचा प्रवास वेळेत झाला, त्यामुळे त्यात सांगण्यासारखं काही नाही. भाट्याचा पूल, पावस, पूर्णगड, मग विजयदुर्ग, देवगड, कुणकेश्वर. सगळीकडे वेळेत पोचलो आणि वेळेत निघालो.

मालवणच्या धक्क्यावर मात्र भाऊजींना त्यांच्या तोडीचा माणूस भेटला. सिंधुदुर्गावर गाडी जात नाही; किल्ला कुरटे बेटावर, तिथे होडीनेच जावं लागतं. किल्ल्यासाठी तक्त्यात दोन तास चाळीस मिनिटं होती आणि खरं तर तेवढी लागतातच. २५ नोव्हेंबर १६६४ला महाराजांनी काम सुरू केलं ते तीन वर्षं चाललं. तटबंदी तीन किलोमीटरच्या घरात, आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी, राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं मंदिर. सगळ्याला मिनिटं वाटून दिलेली. होडीवाला माणसं मोजता मोजता म्हणाला, ‘‘एक तास. तासाने हयच या.’’

भाऊजींनी तक्ता उघडला. होडीवाल्याने तक्त्याकडे पाहिलं नाही. इंजिनाची दोरी ओढली. जन्मभर दुसऱ्यांना मिनिटं वाटून देणाऱ्या माणसाला कुणीतरी वाटून दिलेला तास घेऊन बेटावर उतरावं लागलं. आणि काय सांगू, आत शिरल्यावर माणूस दुधबावेच्या काठावर वाकून पाणी बघत बसला. किती गोड आहे म्हणे, चारी बाजूंनी खारट असून! तास कधी संपला ते ताईने सांगितलं. धक्क्याकडे पळत येताना भाऊजी धापा टाकत मला म्हणाले, ‘‘या लोकांना जरा तरी कळायला हवं, की अशा ठिकाणी घड्याळ लावून चालत नाही.’’

तुम्हीही निघणार असाल तर एवढंच : सिंधुदुर्गाच्या होड्या पावसाळ्यात बंद असतात, तेव्हा आधी मालवणात विचारून घ्या. आरे-वारेला घोट्याच्या वर पाण्यात जाऊ नका. आणि परत येताना, थोडा उशीर झाला तरी चालेल, पण रस्ता समुद्राकडचाच घ्या; डावीकडे बसलेल्या माणसानेही पेट्रोलचे अर्धे पैसे दिलेले असतात.