मुहूर्त हलेल, मास्तर हलणार नाहीत

जरा जवळ सरका, हे मोठ्यानं सांगण्यासारखं नाही. खालापूरकडच्या एका घरात गेल्या वैशाखात लग्नाची ठरलेली तारीख बदलली. गुरुजींनी काढून दिलेली, दोन्ही घरांनी मान्य केलेली, हॉलवाल्याला विसार पोचलेली तारीख! मुलीकडच्यांच्या पोटात गोळा आला. पत्रिकेत काही निघालं की काय, कुणी कान भरले की काय? तसलं काहीही नव्हतं. हळदीच्या रात्री नवरदेवाला जो बेंजो हवा होता, त्याच्या मास्तरांनी कशेळ्याकडची सुपारी आधीच घेतली होती. "मुहूर्त काय, फुडचा भेटल. मास्तर भेटायचे नाय," असं त्यानं बापाला तोंडावर सांगितलं. बापानं कानाखाली वाजवायची, तर तो गुरुजींकडे गेला. गुरुजींनी चष्मा पुसला आणि नऊ दिवस पुढचा, पहिल्यापेक्षा म्हणे जास्तच शुभ, असा मुहूर्त काढून दिला.

आता बोला! आमच्या लहानपणी शेजारच्या आगरी घरात हळदीला धवलारीण यायची. म्हातारी पाटाशेजारी बसायची, घसा खाकरायची आणि लग्नाची गाणी सुरू करायची. ना वायर, ना जनरेटर. आता संध्याकाळी सहाला गल्लीच्या तोंडाशी टेम्पो लागतो. ढोलकी, ताशा, ऑक्टोपॅड, कीबोर्ड, माणसाच्या उंचीचे स्पीकर, एकसारखे टीशर्ट घातलेली आठदहा पोरं. आणि सगळ्यांच्या शेवटी, रजईत गुंडाळलेलं बाळ उतरवावं तसं, एक लांबट खोकं उतरतं. ते मात्र मास्तर स्वतः उतरवतात. मदतीला हात पुढे केलात तर असं बघतात, की तुम्ही नवरीचाच हात धरला.

कर्जत-खोपोली लोकलमध्ये एकदा माझ्यासमोर दोन पोरं बसली होती. चेहरे इतके गंभीर, की मला वाटलं कुणाला तरी दवाखान्यात बघून आली आहेत. "वरचं फाटतंय." "मग ड्राइव्ह कमी कर ना." "कमी केलं की जीव जातो." "डिले किती ठेवलाय?" पळसदरीपासून लौजीपर्यंत मी त्या रुग्णासाठी मनात देवाचा धावा केला. खोपोली आल्यावर कळलं, रुग्ण म्हणजे साजगावच्या यात्रेत ऐकलेला बेंजो होता.

या बेंजोचं कूळ तरी कुणी विचारलंय का? सोयरीक जुळवताना सात पिढ्या खणणारी आपली माणसं, पण ज्याच्यावाचून वरात हलत नाही त्याच्या जन्माचा दाखला कुणी मागत नाही. मी मागितला. तर हा पठ्ठ्या जपानी निघाला. १९१२ साली नागोया शहरात गोरो मोरिता नावाच्या गृहस्थानं तो जन्माला घातला. त्याच वर्षी तिथं ताइशो राजवट सुरू झाली, म्हणून नाव ताइशोगोतो. जपानच्या कोतो या जुन्या तंतुवाद्याच्या तारा आणि टायपरायटरच्या कळा, असा हा संकर. म्हणजे आईकडून दरबारी आणि बापाकडून कचेरीतला कारकून! आपल्याकडे आल्यावर बुलबुल तरंग असं गोजिरं नाव मिळालं. ते पुरलं नाही म्हणून त्यानं अमेरिकेतल्या एका भलत्याच वाद्याचं नाव लावलं. तो खरा बँजो म्हणजे गोल तोंडाचा, डफाला दांडी बसवावी तसा. दोघांची चेहरेपट्टीही जुळत नाही, आणि हा खुशाल त्याचं आडनाव लावून रायगडभर हिंडतो!

बरं, मूळचा आवाज तरी कसा? नुसत्या फळीवर वाजवला तर शेजारच्या खोलीत झोपलेलं पोर उठणार नाही. टिणटिण, टिणटिण, संपलं. त्यातून कळ दाबली की पट्टी तारेवर बसते आणि सूर जागच्या जागी ठरतो. गिटारवाला बोटानं तार ओढून सूर वाकवतो, रडवतो. इथं बोट आणि तार यांच्यामध्ये कळ बसलेली, सासूसारखी. रडायचं तरी कसं?

म्हणून मग हे सगळं सामान. घाट चढायला आमच्या कर्जतला गाडीच्या मागे बँकर इंजिनं लावतात ना? तसंच. पुढे ती हातभर लांबीची फळी आणि मागून ढकलणारे बँकर किती! आधी तारांखाली पिकअप, म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. पोलादी तार थरथरली की चुंबकाचं क्षेत्र हलतं, वेढ्यांत इवलासा प्रवाह उठतो, तोच पुढे आवाज होतो. हे मला कुणी सांगितलं? शेतातल्या पंपाच्या मोटारी भरून देणाऱ्या आमच्या ओळखीच्या कारागिरानं. ऐन पेरणीत लोक मोटार घेऊन दारात उभे, आणि हा भिंग लावून मास्तरांचा जळका पिकअप भरतोय! "मोटार उद्या केली तरी चालंल काकू, हळद आजच हाय." भातानं काय करायचं, सांगा.

पिकअपमधून वायर जाते ती गिटारवाल्यांच्या इफेक्टच्या पेटीत. पायाशी ठेवायची, बटणं दाबायची ती. डिस्टॉर्शननं आवाज खरखरीत, रुंद होतो. डिलेनं एकेक सूर दोनदा-तीनदा परत येतो, म्हणून टिणटिणीत संपणारी तार लांब गात राहिल्यासारखी वाटते. वाकवता न येणाऱ्या सुराला रडवायची ही युक्ती. आता त्या पेटीतल्या प्रत्येक चकतीचा आकडा म्हणजे मास्तरांची सेटिंग, आणि सेटिंग म्हणजे घरातली गुप्त गोष्ट. पापडाचं प्रमाण शेजारणीला सांगतील, सेटिंग सख्ख्या भावाला नाही. मी स्वतः पाहिलंय, एक मास्तर वाजवताना पेटीवर रुमाल टाकतात. रुमालाच्या आत पाय, वर चेहरा भोळा. समोर नाचणाऱ्यांतले निम्मे दुसऱ्या पार्टीचे हेर असतात म्हणे. नाचत नाचत वाकतात, चप्पल सरळ केल्यासारखं करतात आणि रुमालाखाली डोकावतात.

मी हे सगळं पुण्याहून आलेल्या माझ्या भाच्याला सांगितलं. वाटलं, शिकलेला मुलगा आहे, माझ्याबरोबर तोही नाकाला बोट लावेल. तो उलट माझ्यावरच हसला आणि ब्रायन मे नावाच्या एका इंग्रज बाबाची कथा लावून बसला. हे क्वीन या रॉक बँडचे गिटारवादक. आता क्वीन म्हटलं की आपला थोडा हक्क पोचतोच. त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे पारशाघरचा फारूख बलसारा, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत वाढला आणि तिथंच पोरांचा बँड काढून पियानो बडवत होता. असो, सांगायची गंमत गिटारची.

या ब्रायनला पोरवयात चांगली गिटार परवडत नव्हती. म्हणून १९६३ साली बाप-लेकांनी घरातच करायला घेतली. बाप इलेक्ट्रॉनिक्समधला जाणकार, म्हणजे रागवायचं सोडून करवत धरणारा. गिटारची मान कशाची? जुन्या शेकोटीवरच्या फळीची! तिला वाळवीसारखी भोकं पडलेली, ती काडेपेटीच्या काड्यांनी बुजवली. अंगासाठी जुन्या टेबलाचं ओकचं लाकूड. सूर हलवायच्या दांड्याखाली मोटारसायकलच्या इंजिनातल्या स्प्रिंगा. दांडा सायकलच्या सीटमागची पिशवी अडकवायचा, आणि त्याच्या टोकाला आईची विणकामाची सुई. मानेवरचे ठिपके? आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं! त्या माउलीनं घर शोधशोध शोधलं असेल. पिकअपही आधी घरीच गुंडाळले, पण तार ओढली की विचित्र आवाज यायचा, म्हणून ते तेवढे विकत आणले. दोनेक वर्षं हा उद्योग चालला. तीच गिटार घेऊन हा माणूस २००२ साली बकिंगहॅम राजवाड्याच्या गच्चीवर उभा राहून वाजवत होता. शेकोटीची फळी राणीच्या डोक्यावर!

वाजवतो कशानं, तर सहा पेन्सच्या नाण्यानं. चलनातून कधीच गेलेलं नाणं, पण त्याच्या दातेरी कडेनं तार खरवडली की आवाज कसा बोलतो म्हणे. आमचे चार आणे २०११ साली बंद झाले तेव्हा मी डबाभर नाणी भंगारात दिली. कुणी बोललं असतं तर बेंजोवाल्यांना विकली नसती का? आमचे मास्तर तर जुन्या प्लास्टिकच्या कार्डाची पट्टी कापून वाजवतात. कार्ड बँकेचं होतं. खात्यात काही होतं की नाही ते त्यांच्या बायकोला विचारा.

क्वीनमधल्याच जॉन डीकनला १९७२ साली कचऱ्याच्या पेटीत एक सर्किट सापडलं. त्यानं ते पुस्तकाच्या फडताळात बसेल अशा स्पीकरच्या खोक्यात घातलं, नऊ व्होल्टची बॅटरी जोडली, आणि त्या भंगाराच्या आवाजावर ब्रायनसाहेब इतके लुब्ध झाले की वर्षानुवर्षं रेकॉर्डिंगला तेच. जोडीला म्हणे खगोलशास्त्राची पीएचडी, तीही २००७ साली, साठी गाठता गाठता, आणि विषय सूर्यमालेतली धूळ. मी भाच्याला म्हटलं, धुळीचा अभ्यास करायचा तर मे महिन्यात कर्जतला ये, खड्डेही दाखवते.

पण तिकडचं खरं लांच्छन पुढेच आहे. डेव्हिड गिल्मर नावाच्या दुसऱ्या एका गिटारवाल्याची काळी गिटार २०१९ साली न्यूयॉर्कच्या लिलावात ३९ लाख ७५ हजार डॉलरला गेली. पुढच्याच वर्षी कर्ट कोबेन नावाच्या तिसऱ्या एका गिटारवाल्याची ६० लाख डॉलरच्या वर. माणूस हयात नाही, तारा बदललेल्या, आणि बोली साठ लाख! आणि आपण इकडे नवरदेवानं नऊ दिवस लग्न पुढे ढकललं म्हणून कपाळाला हात लावतोय.

आपल्याकडे या वेडावर पिच्चरही निघून गेला, २०१६ साली, रवी जाधवांचा 'बँजो'. रितेश देशमुख वाजवतो आणि न्यूयॉर्कहून एक मुलगी तो आवाज शोधत मुंबईत येते. इतक्या लांबून! खालच्या आळीत विचारलं असतं तर पत्ता मिळाला असता, शिवाय चहाही.

तर त्या खालापूरच्या हळदीचं काय झालं? गेले होते की मी. निरीक्षणासाठीच गेले होते, नाचायला नव्हे, आमच्या ह्यांना विचारा. मंडपात नवरदेव पिवळाधमक होऊन पाटावर बसलेला, पण लक्ष हळदीकडे आहे का? मान सारखी वळवून मास्तरांच्या पायाकडे. आत्या म्हणत होती, "आरं, सरळ बस, डोळ्यात जाईल." डोळ्यात गेली. तशाच मिटल्या डोळ्यानं हा ओरडला, "मास्तर, आवाज जरा ओपन करा!" मास्तरांनी रुमालाखाली पाय घातला, आणि देवाशप्पथ, त्या टिणटिण फळीतून असा काही आवाज निघाला की चुलीवरच्या भातावरचं झाकण थरथरलं. आमचे हे, बँकेतून निवृत्त, गुडघ्याला पट्टा, खिशातून पन्नासची नोट काढून मास्तरांच्या कळांवर ठेवायला गेले. घरी भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी वाद घालणारा माणूस!

रात्री दहा वाजता स्पीकर बंद करायचा असतो, कायदाच आहे. दहाला पाच कमी असताना कुणीतरी पोलीस पाटलांना जेवायला बसवलं. वाढपी असे हुशार की ताटात मटण संपूच देईनात. शेवटी त्यांनी हात धुतले, घड्याळ बघितलं, आणि जनरेटर बंद झाला. मंडपात अचानक अंधार आणि घामाचा वास. मास्तरांचा हात मात्र चालूच होता. गाणं अर्धवट सोडायचं नाही असा त्यांचा नेम. त्या अंधारात फक्त टिणटिण, टिणटिण, १९१२ सालची. पुढे बसलेल्या म्हाताऱ्या बायका तेवढ्यावरच टाळ्या वाजवायला लागल्या.

घरी येताना मी ह्यांना म्हटलं, बघितलंत ना कशी थेरं चालतात ती? हे काही बोलेनात. फाटकाशी आल्यावर हळूच म्हणाले, "मास्तरांशी बोलून ठेवलंय. पुढच्या वैशाखातल्या दोन तारखा रिकाम्या आहेत त्यांच्या."

आमचा मुलगा अजून मुली बघायलाही तयार नाही. मी विचारलं, "विसार किती दिलात?"