अर्धंच लावा

मी स्वतःला डॉ. बाळकृष्ण केसकरांचा शेवटचा शिष्य मानतो. १९५२ साली नभोवाणीमंत्री झाल्यावर या मराठी गृहस्थांनी आकाशवाणीवरच्या सिनेमाच्या गाण्यांना अशी कात्री लावली, की ती जवळजवळ ऐकूच येईनात. देशाचा कान सुधारावा, हा हेतू. देशाने काय केलं? रेडिओचा काटा सिलोनकडे फिरवला. त्याच वर्षी डिसेंबरात तिथे अमीन सयानींची बिनाका गीतमाला सुरू झाली होती. अखेर १९५७ साली सरकारलाच विविध भारती काढावी लागली. पुढच्या दारात रागदारी ताटकळतेय आणि घरचे सगळे मागच्या दाराने शेजारी!

तरी आमचा बाणा कायम. २०१६ साली 'सैराट' आला, तेव्हा 'झिंगाट' ऐकायचं नाही असं मी ठरवलं. पण सोसायटीचा गणपती, कोपऱ्यावरचा रसवंतीवाला, वरच्या मजल्यावरचे वाढदिवस... वर्षभरात मला ते अख्खं पाठ. भीमपलासीतल्या माझ्या आवडत्या चिजेचा अंतरा अजून वहीत बघावा लागतो. झायोन्त्स नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६८ सालीच म्हणून ठेवलंय, की नुसती वारंवार गाठ पडली तरी एखादी गोष्ट आवडायला लागते. आमचं लग्न याच तत्त्वावर टिकलंय, असं बायकोचं मत.

मग भाच्याची वरात आली. मी कडेकडेने, हातात कुणाची तरी पर्स आणि दोन फेटे सांभाळत. डीजेने ते लावलं. आधी कुणाची तरी मान हलली. माझीच होती. मग डावी चप्पल.

मारवा ऐकताना माणूस एकटा असतो. शेजारी डोळे मिटून बसलेला रसिक समाधीत आहे की झोपलाय, शेवटपर्यंत कळत नाही. इथे वऱ्हाडी, घोडेवाला, केटररची पोरं, सगळ्यांचे हात एकदम वर! मामाच्या मानाच्या उपरण्यावरून नवरीच्या काकांशी सकाळपासून माझा अबोला होता. त्यांनीच दंडाला धरून मला आत ओढलं. नाचता नाचता मी त्यांच्या कानात ओरडून सांगत होतो, की या सिनेमासाठी अजय-अतुलने लॉस एंजेलिसला जाऊन सिंफनीचा वाद्यवृंद वाजवून घेतलाय, म्हणजे तसं हे अभिजातच.

"हो हो," ते ओरडले, "मठ्ठा झकास होता!"

दहाला हवालदार आला. याच दहाच्या नियमाने 'सवाई' संगीत महोत्सवाच्या रात्री आखडल्या, तेव्हा मी घरात बसून नुसता हळहळलो होतो. आज सगळ्यांच्या पुढे होऊन हात जोडले.

"साहेब, एकच. शेवटचं."

"कुठलं?"

सांगितलं. त्याने घड्याळ बघितलं, रस्त्याची दोन्ही टोकं बघितली.

"अर्धंच लावा," म्हणाला.