बिनफ्रीची सायकल: प्रौढांसाठी मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका पन्नाशी उलटलेल्या, आपले गुडघे शाबूत आहेत असा समज असलेल्या आणि घरात ऐकून घेणारे एखादे माणूस अजून शिल्लक असलेल्या गृहस्थांसाठी आहे.

ट्रॅक सायकल म्हणजे वेलोड्रोमच्या कलत्या पट्टीवर पळवायची सायकल. तिला गिअर नाहीत, ब्रेक नाहीत, फ्री नाही. मागचे चाक फिरते तोवर पायडल फिरते, आणि पायडल फिरते तोवर तुमचे पाय. आमच्या हैदराबादच्या मलकपेठेला हा प्रकार नवा नाही. सहाव्या निजामाने 1886 साली घोड्यांच्या शर्यती इथे आणल्या, तेव्हापासून आमच्या भागात बिनब्रेकची वाहने पळताहेत. फक्त घोड्याला स्वतःची अक्कल असते.

नियम पहिला: फ्रेम ओळखणे. त्यासाठी गुरुवारी सकाळी जुमेरात बाजार गाठावा आणि चेहऱ्यावर कंटाळा ठेवावा. मागच्या चाकाच्या खाचा सरळ मागे उघडतात, एवढ्यावर हुरळू नये. त्या आपल्या दूधवाल्याच्या काळ्या सायकलीलाही तशाच असतात. खरी खूण चिमट्यात: ब्रेक बसवायचे भोक बहुधा नसतेच. दुसरी खूण म्हणजे क्रँकची धुरी जमिनीपासून जरा उंच, कलत्या पट्टीवर पायडल घासू नये म्हणून. मला रेनॉल्ड्स 531 नळ्यांची फ्रेम हवी होती. मिळाली ती हिरवी, गंजकी, कुळशीळ अज्ञात. चारशे रुपये जास्त गेले हे घरी अजून माहीत नाही. आता कळेल.

नियम दुसरा: मडगार्ड नाही, स्टँड नाही, घंटी नाही. कारण विचारू नये.

नियम तिसरा: कारागिराला शहाणे करून सोडणे. आमच्या रेल्वे पुलाजवळच्या गल्लीत एका चाचांचे पंक्चरचे दुकान आहे. फ्रेम त्यांच्यापुढे ठेवली.

"ब्रेक कां है मियाँ?"

"नहीं है."

"फ्री?"

"वो भी नहीं."

"फिर लिए कायकू?"

याला उत्तर नव्हते, म्हणून मी व्याख्यान दिले. चाचा म्हणाले होते की साध्या फ्रीला वेल्डिंग मारू, झाली फिक्स. मी म्हणालो, नक्को. (हा शब्द आमचा, मराठीचा, हैदराबादने घेतला आणि परत दिलेला नाही.) पाय उलटा दाबला की वेल्डिंग केलेली फ्री आट्यांवरून सुटून येते आणि तुम्ही नारळपाणीवाल्याच्या हातगाडीत जाता. खऱ्या ट्रॅक हबला दोन जातीचे आटे असतात: दांत्यांचे चक्र उजव्या आट्यांवर बसते, बाहेरून डाव्या आट्यांची कडी. चक्र सुटू लागले की कडी उलट आणखी आवळते. हे मी वीस मिनिटे समजावले, हातवारे करून, एकदा स्टीलच्या डब्याच्या झाकणाच्या साहाय्याने.

चाचांनी चहा संपवला. मग सांगितले, की 2002 च्या राष्ट्रीय खेळांच्या वेळी उस्मानिया विद्यापीठात वेलोड्रोम झाला, तेव्हा सरावाच्या पोरांच्या चाकांचा आउट तेच काढून देत होते. तसले हब त्यांच्या हाताखालून किती गेले, मोजले नाहीत.

"तो फिर वेल्डिंग कायकू बोले?"

"आप चार रोज चलाते. वेल्डिंग उत्ता टिकता."

नियम चौथा: दांते. हा भाग गंभीरपणे वाचावा. पुढे 48, मागे 16 घेतले तर भागाकार बरोबर तीन येतो. म्हणजे पाय अडवून चाक घसरवत थांबताना दर वेळी टायरचा तोच एक तुकडा रस्त्यावर घासतो आणि बघता बघता कापड दिसू लागते. पुढे 47, मागे 17 घ्यावेत. कशानेच भाग जात नाही, झीज सतरा जागी वाटली जाते. मी सायकल आजवर एकदाही घसरवलेली नाही. पण सतरा जागा राखीव आहेत, झोप चांगली लागते.

नियम पाचवा: पायजमा नको. साध्या सायकलीत चेनने कापड धरले तर पाय थांबवता येतो. इथे चेन कोणाचे ऐकत नाही, ती पायजमा नाडीपर्यंत मागते. हे मी मलकपेठ गंजात, मिरचीच्या पोत्यांसमोर शिकलो. मिरचीच्या खाटात शिंक आली तरी पाय फिरतच राहतात, हेही त्याच सकाळी.

उतार हे वेगळे प्रकरण आहे. मलकपेठचा रेल्वे पूल, ज्याच्याखाली पावसाळ्यात तळे होते, त्याच्याकडे उतरताना ताशी तीसचा वेग सहज येतो. 47-17 वर म्हणजे मिनिटाला सुमारे 86 फेरे. तरण्या पोराला हे काहीच नाही. मी मात्र शिवणयंत्रासारखा खडखडत खाली आलो. लहानपणी विवेकवर्धिनी शाळेच्या दिवसांत तासाच्या भाड्याने सायकल घेऊन उतारावर पाय पसरून, फ्रीचे टिकटिक ऐकत जायचो, ते आठवले. त्या आवाजाचे भाडे आपण कधी वेगळे दिले नाही.

पुढचा ब्रेक लावावा, हे मी लेखी सांगतो. वेलोड्रोमवर तो नसतो कारण तिथे कोणी अचानक थांबत नाही. चादरघाटच्या रस्त्यावर ऑटोवाले दुसरे काही करत नाहीत. शुद्धतावाद्यांनी मला पत्र पाठवू नये.

हे मान्य करायला मी गेल्या महिन्यात चाचांकडे गेलो. त्यांनी सायकल घेतली, विजारीला क्लिप लावली, गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आले. दुकानासमोर थांबले, पण पाय टेकला नाही. हँडल जरा वाकडे, पायडल आडवी, दोन्ही चाके जागच्या जागी किंचित पुढेमागे. समोरून म्हैस गेली, मग स्कूटर, मग शाळेची दोन पोरे बघत उभी राहिली. चाचा तसेच.

मग उतरले. "अच्छी है. ब्रेक लगा देता. परसों आव."

हैदराबादेत परसों म्हणजे कालचा दिवस सोडून उरलेले सगळे दिवस. सायकल तीन आठवडे तिथेच आहे. संध्याकाळी गल्लीतून तिच्यावर कोणीतरी फेरी मारते, असे शेजारचे सांगतात.